बाटलीतला वेल

मनी प्लांटला आलेले फूल तुम्ही पाहिले आहे का? गेली काही वर्षे मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारत आले आहे. रोपवाटिकेचे मालक, सोसायटीच्या बागेतले माळी, जीवशास्त्राचे शिक्षक, वीस-पंचवीस वर्षे एकच वेल सांभाळणाऱ्या मैत्रिणी. सर्वांचे उत्तर एकच : नाही. बहुतेकांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. जास्वंदीला कळी धरली नाही तर आपण आठ दिवसांत अस्वस्थ होतो. मोगरा फुलला नाही तर माळ्याला बोलावतो. पण घरातल्या सर्वांत जुन्या झाडाला फूल का येत नाही, हे विचारायचे राहूनच जाते.

याचे कारण साधे आहे. मनी प्लांट सहसा मरत नाही. टीव्हीशेजारच्या बाटलीत, जिन्यातल्या कुंडीत, दवाखान्याच्या काउंटरवर, बँकेच्या कोपऱ्यात तो वर्षानुवर्षे तग धरतो. लक्ष न देता ज्याचे भागते, त्याची माहिती करून घ्यायला कोणी जात नाही. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर नाही. वाचनालये, जुनी नियतकालिके आणि अलीकडे सर्वांना खुले झालेले शोधनिबंध यांच्या आधाराने घरातल्या झाडांचा माग काढणे हा माझा अभ्यास. या वेलाचा माग काढताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, त्याच्या संगोपनाबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तो मूळचा कुठला आणि तिथे कसा जगतो, यात सापडते. दुसरी, त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती वेलापेक्षा घरातल्या माणसांना जास्त पडते.

जन्मदाखला

या वेलाचा जन्मदाखला शोधायचा तर १८८० सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी बेल्जियममध्ये जाँ लिंडेन आणि एदुआर आंद्रे यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘पोथॉस ऑरियस’ असे नाव दिले. ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी. पानांवरच्या पिवळ्या शिंतोड्यांवरून हे विशेषण आले. लिंडेन हे रोपांचे मोठे व्यापारी. उष्ण कटिबंधातील वनस्पती मिळवून युरोपातील काचगृहांना पुरवणे हा त्यांचा व्यवसाय होता. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात हा वेल शिरला तोच शोभेच्या रोपांच्या वाटेने.

पुढे त्याचे नाव पुनःपुन्हा बदलले. १९०८ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ एंग्लर यांनी त्याला ‘सिंडॅप्सस’ या प्रजातीत हलवले. वनस्पतींचे वर्गीकरण मुख्यतः फुलांच्या रचनेवरून होते, आणि इथे तर फूलच मिळत नव्हते. १९६०च्या दशकात लागवडीतल्या एका वेलाला फुलोरा आला तेव्हा कुठे त्याची नीट तपासणी झाली. काही काळ तो ‘राफिडोफोरा’ प्रजातीत राहिला आणि १९६४ साली जॉर्ज बंटिंग यांनी त्याला आजचे नाव दिले : ‘एपिप्रेम्नम ऑरियम’. इंग्रजीत त्याला आजही पोथॉस म्हणतात, ती १८८०ची शिल्लक.

मूळ गावाबद्दलही असाच घोळ होता. अनेक बागकामाच्या पुस्तकांत तो सॉलोमन बेटांवरचा असल्याचे लिहिलेले आढळते. आता तो फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ या बेटावरचा मानला जातो. ताहितीच्या शेजारचे हे बेट सुमारे १३४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे बृहन्मुंबईच्या एक तृतीयांशाहूनही लहान. एवढ्याशा जागेतून निघालेला वेल आज जगातल्या बहुतेक शहरांत पोचला आहे.

हा दाखला हातात असला की आपल्याकडच्या काही समजुतींकडे शांतपणे पाहता येते. मनी प्लांट आग्नेय दिशेला ठेवावा, तो चोरून आणलेला असावा, त्याचे टोक जमिनीकडे लोंबू देऊ नये, असे नियम सांगितले जातात आणि पुष्कळदा त्यांना ‘प्राचीन’ म्हटले जाते. पॅसिफिक महासागरातील एका बेटावरचा आणि १८८० साली प्रथम वर्णिलेला वेल कोणत्याही जुन्या संस्कृत ग्रंथाला ठाऊक असणे शक्य नाही. हे नियम आपल्या आजी-आजोबांच्या किंवा फार तर पणजी-पणजोबांच्या काळातले असणार. मात्र टोक लोंबू न देण्याचा नियम वेलाच्या दृष्टीने खरोखर उपयोगी आहे. त्याकडे पुढे येतेच.

फूल का येत नाही

फुलाच्या प्रश्नाचे उत्तर २०१६ साली मिळाले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठातील जियाहुआ शिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वनस्पतींमध्ये जिबरेलिन नावाची संप्रेरके असतात. खोडाची लांबी, बियांचे रुजणे, अनेक वनस्पतींत फुलोऱ्याची सुरुवात, अशी कामे ती करतात. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार घड लांबवण्यासाठी आणि मणी फुगवण्यासाठी जे ‘जीए’ वापरतात, ते याच कुटुंबातले. मनी प्लांटमध्ये जिबरेलिन तयार करणाऱ्या साखळीतले एक जनुक नीट काम करत नाही. त्यामुळे वापरण्याजोगे जिबरेलिन पुरेसे बनत नाही आणि फुलोऱ्याला सुरुवात करून देणारे जनुकही जागे होत नाही. संशोधकांनी बाहेरून जिबरेलिन फवारले तेव्हा वेलाला फुलोरा आला. अळूच्या किंवा अँथुरियमच्या फुलोऱ्यासारखी त्याची घडण : एक पानासारखे आवरण आणि त्यात उभा दांडा. मनी प्लांट अळूच्या आणि सुरणाच्याच कुळातला आहे, हे त्यावरून पटते.

फूल नाही म्हणून बी नाही. बी नाही म्हणून आपल्या घरातला मनी प्लांट हा कुणाच्या तरी वेलाचा तुकडा असतो, आणि तो वेल आणखी कुणाच्या तरी वेलाचा. चोरून आणण्याच्या समजुतीत मला हाच व्यवहार दिसतो. जो वेल वीतभर तुकड्यावरून सहज लागतो, तो विकत कोण घेणार? शेजारच्या गॅलरीतून एक फांदी मोडली की काम होते. त्या मोडण्यालाच पुढे शकुनाचे रूप आले असावे, असा माझा तर्क आहे.

तुकडा लावताना एक गोष्ट सांभाळावी लागते. ऊस लावताना टिपरीला डोळा हवा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मनी प्लांटचेही तसेच आहे. पान जिथे खोडाला मिळते तिथे पेर असते. पेरावर एक लहान तपकिरी उंचवटा दिसतो, ते मूळ. आणि पानाच्या बगलेत डोळा असतो, त्यातून नवी फांदी फुटते. पेराशिवाय तोडलेले नुसते पान पाण्यात महिनोन्महिने हिरवे राहील, पण त्यापासून वेल होणार नाही. पेराच्या खाली बोटभर अंतरावर कापावे, दोन-तीन पेरे असलेला तुकडा घ्यावा आणि पाण्यात बुडेल त्या भागातले पान काढून टाकावे. वेल लांबच लांब होऊन खालून बोडका झाला असेल तर त्यालाही हाच उपाय. शेंडा कापला की मागचे डोळे फुटतात, आणि कापलेले तुकडे त्याच कुंडीत खोवले की कुंडी भरते.

चढणारा आणि लोंबणारा

कोकणात किंवा गोव्यात माडाच्या, फणसाच्या खोडावर चढलेला मनी प्लांट पाहिला की पुष्कळांना ती वेगळीच वनस्पती वाटते. घरातले पान बोटभर ते वीतभर. झाडावर उंच गेलेल्या वेलाचे पान दोन-तीन फुटांपर्यंत वाढते आणि मधल्या शिरेपर्यंत चिरत जाते. वनस्पती एकच, अवस्था दोन. घरातला मनी प्लांट जन्मभर बाल्यावस्थेत राहतो. आधार मिळून वर चढू लागला की प्रत्येक नवे पान आधीच्याहून थोडे मोठे येते. लोंबू लागला की पाने लहान राहतात आणि दोन पानांमधले अंतर वाढते. जणू वेल दुसरा आधार शोधायला निघाला आहे.

मी एकाच वेलाचे दोन तुकडे सारख्या आकाराच्या कुंड्यांत लावून पाहिले. एकाला काथ्या गुंडाळलेली काठी दिली आणि ती काठी फवाऱ्याने ओली ठेवत गेले. दुसरा शिंकाळ्यात टांगला. दोन वर्षांनी काठीवरच्या वेलाचे वरचे पान माझ्या पसरलेल्या पंजाहून मोठे होते. शिंकाळ्यातल्या वेलाची पाने विड्याच्या पानाहून मोठी झाली नाहीत. काठी ओली ठेवणे महत्त्वाचे, कारण पेरांवरची हवेतली मुळे ओल्या पृष्ठभागालाच धरतात. कोरडी प्लॅस्टिकची नळी दिली तर वेलाला दोऱ्याने बांधावे लागते आणि त्याला तो आधार वाटतच नाही.

सावली सोसण्याचे कौशल्यही याच जगण्यातून आले आहे. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी उजेड कमी असतो आणि चढण्यासाठी आधी तिथेच पोचावे लागते. याच कुळातल्या एका मॉन्स्टेराच्या रोपांवरचे निरीक्षण १९७५ साली प्रसिद्ध झाले. ती रोपे जमिनीवरून सरपटताना उजेडाऐवजी अंधाराकडे, म्हणजे झाडाच्या जाड बुंध्याच्या काळोख्या आकाराकडे वळत होती. बुंधा सापडला की मग उजेडाकडे चढाई. अशा घराण्यातल्या वेलाला आपल्या दिवाणखान्याचा कोपरा परका वाटत नाही.

तरीही सोसणे वेगळे आणि वाढणे वेगळे. उघड्यावर भर दुपारी सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून आठ-दहा फूट आत तो काहीशे लक्सवर येतो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही, वेलाला जाणवतो. उजेड जोखण्याची सोपी युक्ती अशी : दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद धरावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड पुसट पण ओळखू येण्याजोगी असेल तर जागा उत्तम. सावलीच पडत नसेल तर वेल जगेल, वाढणार नाही. कड धारदार असेल तर तिथे थेट ऊन येते; दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन पाने करपवते.

पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे नाहीसे होतात, ही तक्रारही उजेडाचीच. पट्ट्याच्या जागी हरितद्रव्य कमी असते, म्हणजे तेवढा भाग अन्न कमी बनवतो. अंधाऱ्या जागी नवी पाने जास्त हिरवी येतात, ते शहाणपणच म्हणायचे. ‘मार्बल क्वीन’सारख्या जास्त पांढऱ्या प्रकाराला म्हणून साध्या मनी प्लांटपेक्षा अधिक उजेड लागतो. पूर्ण हिरवी झालेली फांदी पट्ट्यांच्या पेरापर्यंत मागे कापून वेल खिडकीजवळ सरकवला की बहुधा पट्टे परत येतात.

पाणी : जास्त लाड, लवकर मरण

मनी प्लांट मरतो तेव्हा तो बहुतेक वेळा पाण्याने मरतो, तहानेने नव्हे. जंगलात त्याची बरीचशी मुळे झाडाच्या सालीवर असतात. पाऊस पडला की ती भिजतात, थांबला की वाऱ्याने सुकतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीतली माती सतत चिखल राहिली की मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि मग बुरशीसारखे रोगजंतू त्यांना कुजवतात. पाने पिवळी पडून लोंबतात. आपल्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून आणखी पाणी घालतो. उरलेली मुळेही त्यात जातात.

यावर एकच नियम पाळावा : वारावर पाणी घालू नये, मातीवर घालावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. तिथे ओल लागली तर थांबावे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, असे आपोआप ठरत जाते. सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसला तर घाबरू नये. रात्री मुळांनी ओढलेले जास्तीचे पाणी वेल पानाच्या कडेने बाहेर टाकतो. रोजच थेंब दिसू लागले तर मात्र माती जास्त ओली आहे असे समजावे. मातीत वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा कोकोपीट आणि मूठभर चांगले कुजलेले शेणखत असले की पाणी साचत नाही. हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली जातो तिथे कुंडी रात्री खिडकीच्या काचेपासून दूर ठेवावी आणि पाणी निम्मे करावे. उष्ण बेटावरच्या या वेलाला थंडी आणि ओल एकत्र सोसत नाही.

पाण्यात वाढणारा वेल हा वेगळा विषय आहे. पाण्यात फुटलेली मुळे मातीतल्या मुळांहून नाजूक असतात. म्हणून वर्षभर बाटलीत राहिलेला वेल एकदम कुंडीत लावला की काही दिवस मलूल होतो. मुळे दोन-तीन इंचांची झाली की लगेच मातीत लावणे बरे, आणि नंतरचे दोन आठवडे माती जरा ओलसर ठेवावी. बाटलीतच ठेवायचा असेल तर पाण्यात अन्न जवळजवळ नसते, हे लक्षात ठेवावे. वेल जगतो, पण उपाशी. महिन्यातून एकदा द्रवखताचे फार पातळ द्रावण पुरते.

खाज आणि जंगल

अळू चिरताना हाताला खाज सुटते आणि भाजीत चिंच किंवा आमसूल घालावे लागते, हे आपल्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मनी प्लांट त्याच कुळातला. त्याच्या पानांत आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले की ते तोंडात आणि घशात टोचतात. आग होते, लाळ गळते, सूज येते. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर वेल त्यांच्या तोंडाच्या उंचीवर लोंबू देऊ नये. कापल्यावर हात धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत.

दुसरी खबरदारी घराबाहेरची. श्रीलंकेत कँडी शहरालगत उडवत्तकेले नावाचे राखीव वन आहे. तिथे मनी प्लांटने २० हेक्टरांहून अधिक जमीन व्यापल्याची नोंद आहे. एकही बी न पडता. जमीन झाकली गेली की स्थानिक झाडांची रोपे उगवत नाहीत. छाटलेले तुकडे आपण ओढ्याकाठी, टेकडीवर किंवा सोसायटीच्या मागच्या रानात टाकतो, तेव्हा प्रत्येक पेर म्हणजे एक रोप टाकत असतो. छाटणी उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्यावी.

हवा शुद्ध होते का

आता घरोघरी बाटल्या वाढण्याचे एक अलीकडचे कारण. १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेतील बिल वुल्व्हर्टन यांनी काही घरगुती झाडांवरचा अहवाल दिला. बंद पारदर्शक पेटीत बेंझिनसारखी रसायने सोडली असता झाडे ठेवलेल्या पेटीतले प्रमाण कमी झाले, असे त्यात होते. त्या झाडांत मनी प्लांटही होता. पेटीतला निष्कर्ष पुढे थेट दिवाणखान्याला लावला गेला, आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवर ‘हवा शुद्ध करणारे झाड’ असे झळकू लागले.

पेटी आणि घर यांत मोठा फरक आहे. घरात दारे-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. २०१९ साली ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वेअरिंग यांनी १२ शोधनिबंधांतील १९६ प्रयोगांची फेरतपासणी केली. दारे-खिडक्यांतून होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असा हिशेब निघाला. त्याआधीच, २०१८ साली, वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी मनी प्लांटमध्ये सशाचे एक जनुक घातले. त्या बदललेल्या वेलाने बंद काचपात्रातले क्लोरोफॉर्म तीन दिवसांत ८२ टक्क्यांनी कमी केले. शेजारच्या पात्रातल्या साध्या मनी प्लांटमुळे मात्र काहीच फरक पडला नाही. साधा वेल हे काम करत असता, तर सशाचे जनुक घालायची गरज कशाला पडली असती? डोळ्यांना हिरवे दिसते, मन रमते, एवढा लाभ खरा आहे आणि तो पुरेसा आहे. हवेसाठी खिडकी उघडावी.

बाटलीच्या काचेवर

ज्या बाटलीकडून आपण शुद्ध हवेची अपेक्षा करतो, तिच्यातून घरात आणखी काय येऊ शकते, हे सांगणे या लेखाचे सर्वांत निकडीचे काम आहे. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी गटारात अंडी घालत नाही. तिला घरातले, साचलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. मुंबईत डेंग्यूच्या डासांची उत्पत्तिस्थाने सांगताना महापालिकेचा कीटकनाशक विभाग मनी प्लांट आणि शोभेच्या बांबूच्या पाण्याचा उल्लेख वर्षानुवर्षे करत आला आहे.

आमच्या भागात एका पावसाळ्यात लागोपाठ तीन घरांत डेंग्यूचे रुग्ण निघाले. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याने एका घरातली मनी प्लांटची बाटली पांढऱ्या थाळीत ओतली. थाळीत बारीक केसासारख्या अळ्या वळवळत होत्या. घरातल्या बाई म्हणाल्या, “अहो, पण मी तर रोज पाणी घालते!” त्या खरेच सांगत होत्या, आणि नेमके तेच घातक होते.

याचे गणित समजून घ्यायला हवे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, बाटलीच्या ओल्या काचेला ती चिकटवते. एका वेळी शंभराच्या आसपास. ही अंडी काळसर आणि इतकी बारीक असतात, की काचेवरचा मळ वाटावीत. ती सुकली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तग धरतात. पाण्यात बुडाली की फुटतात. बाटलीतले पाणी आटले की आपण वरून भर घालतो, पातळी वर चढते आणि चिकटलेली अंडी पाण्याखाली जातात. म्हणजे रोज थोडे पाणी घालणे हे त्या अंड्यांना उबवण्यासारखे आहे. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास, हा प्रवास आपल्याकडच्या उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो. शिवाय हा डास फार दूर उडत नाही आणि दिवसा चावतो. बाटलीत जन्मलेला डास बहुधा त्याच घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला चावणार.

म्हणून आठवड्याचा ठरावीक वार धरावा. सरकारी मोहिमेत त्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतात. वेल बाहेर काढावा, मुळे नळाखाली धुवावीत, पाणी कोरड्या जमिनीवर किंवा कुंडीतल्या मातीत ओतावे आणि बाटलीची आतली बाजू, विशेषतः गळ्याजवळची, ब्रशने घासावी. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी काचेवर राहतात. ब्रश आत जात नसेल ती बाटली वापरूच नये. रुंद तोंडाचे भांडे घ्यावे आणि वेलाच्या खोडाभोवती तोंड कापसाने किंवा जाळीने नीट बंद करावे. रंगीत किंवा चिनी मातीच्या भांड्यात शेवाळ कमी धरते हे खरे, पण आत काय चालले आहे तेही दिसत नाही. साधी पारदर्शक काच बरी. कुंडीखालच्या ताटलीतही हाच डास वाढतो. तिच्यात वाळू भरून ठेवावी. एवढे करायला वेळ नसेल तर वेल मातीत लावावा. त्याची त्याला तक्रार नसते.

आठवड्याला धुण्याचा फायदा वेलालाही होतो. ताज्या पाण्यात प्राणवायू जास्त असतो, मुळांवरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि मुळे पांढरी, ताठ राहतात.

पावसाळ्यानंतरचे आठवडे हे डेंग्यूचे दिवस, आणि दिवाळीची साफसफाईही त्याच आठवड्यांत येते. माळे, कपाटे, पंख्यांची पाती, सगळे पुसून होते. टीव्हीशेजारची बाटली मात्र जागची हलत नाही, कारण तिच्यातला वेल हिरवागार असतो. यंदा ती आधी हलवावी. पाणी पांढऱ्या थाळीत ओतून उजेडात पाहावे, आतली काच घासावी, आणि वेल पुन्हा ठेवताना खिडकीच्या दोन हात जवळ ठेवावा. तो तक्रार करणार नाही आणि आभारही मानणार नाही. पुढचे पान थोडे मोठे आणि थोडे अधिक सोनेरी येईल.